घळीपर्यंत

"टेकडीवरून घळीपर्यंत." कुसुमच्या सासऱ्याच्या खरेदीखतावरची ओळ पटवाऱ्याने दुसऱ्यांदा वाचली आणि रुमालाने मान पुसली. "अब ये घळ किधर है?"

"ते काय!" खालच्या शेताच्या रघुनाथराव पाटलांनी वर बोट केलं. टेकडीच्या पोटात दोन माणसं बसतील एवढी गुहा होती. "घळ म्हनजे गुहा. तिच्या खालचं सारं माह्यं."

कुसुमने खाली बोट केलं. उताराच्या तळाशी जमीन खोल चिरली होती. "घळ थे आहे, साहेब."

गुहा आणि त्या चिरेच्या मध्ये कुसुमने अकरा वर्षं जगवलेली संत्र्याची दीडशे झाडं होती.

"त्याले नाला म्हन्तात," रघुनाथराव पटवाऱ्याकडेच पाहत म्हणाले. "मनोहरच्या बायकोले काय समजते? मनोहरले बोलवा."

"ते तिगावले ड्यूटीवर हायेत. झाडाईले पानी मी देल्लं, मीच बोलीन."

रघुनाथरावांच्या पोराने, वैभवने, मोबाइलवर शब्दकोश उघडला. "घळ. डोंगरातली गुहा." एवढं वाचून तो मोबाइल खिशात टाकायला गेला.

"पुढचं वाच," कुसुम म्हणाली.

"पुढं काई नाई."

तिने हात पुढे केला. रघुनाथराव आडवे आले. "हात नोको लावू त्याले!"

शेवटी पटवाऱ्यानेच मोबाइल मागून घेतला. मराठी अडखळत वाचली. "दोन उंचवट्यांमधली चिंचोळी, खोल जागा." त्याने दोघांकडे पाहिलं. "दोनों मतलब सही हैं. मैं क्या लिखूँ?"

"गुहा लिहा. मी सांगून राहिलो ना!"

पटवाऱ्याने पेनाचं टोपण काढलं. गावातलं कोणी कुसुमच्या बाजूने बोलणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

तेवढ्यात खाली दगड गडगडले. रघुनाथरावांचा चरायला सोडलेला गोऱ्हा त्या चिरेच्या काठावरून घसरू लागला होता.

"अबे वैभव!" रघुनाथराव तळाकडे हात करून ओरडले. "पाहून काय राहिला? गोऱ्हा घळीत चालला, धर त्याले!"

वैभव उतारावरून धावत सुटला.

कुसुम जागची हलली नाही.

"कोनत्या घळीत, पाटील?"

रघुनाथरावांचा हात अजून खालीच रोखलेला होता. पटवारी लिहू लागला.