सहलीची तूरडाळ

हिवरा आश्रमाच्या सहलीला निघताना सुनेने पिशवीत तूरडाळ भरली, तेव्हाच सत्यभामाबाईंना शंका आली. वाटेत मुलगा भेटेल त्याला शाळा कुठे, घरभाडं किती, विचारत सुटला. "दर्शनाले घरभाडं कायले लागते रे?" "माय, तू त पोलिसावानी विचारून राह्यली!" विहिरीजवळ तीन दगडांवर डाळ चढली, तसं त्यांना उमगलं. बिऱ्हाड हलवण्याआधी नव्या गावच्या पाण्यात डाळ शिजते का पाहायचं, ही रीत सुनेला त्यांनीच शिकवली होती. खारपाणातलं घर, दारातला निंब, पन्नास वर्षं, सगळंच सुटणार! सून सरपणाला वळताच त्यांनी पातेल्यात चिंच टाकली. आता डाळ शिजणार नव्हती. एवढ्यात नात ओंजळभर पाणी पिऊन धावत आली. "आजी, इथलं पाणी खारं नाई व! अजून पिऊ?" घरचं खारं पाणी तिला दटावून पाजावं लागे. सत्यभामाबाई पळीने उकळत्या डाळीतून चिंच शोधू लागल्या.