रडणारं लेकरू

नांदेडच्या एका मनोविकार दवाखान्यात बुद्धप्रिया रुग्णांच्या मुलाखती घेत होती. अभ्यासाचा विषय होता सुख. समोर कंधारच्या सरजाबाई होत्या. त्यांना कानात आवाज ऐकू यायचे, कैक वर्षांपासून गोळ्या चालू होत्या.

"मावशी, इतक्यात सुख कधी वाटलं?"

"परवा. सुनेनं लेकरू माझ्या मांडीवर दिलं अन् गिरणीत दळण आणायला गेली."

"नातू खेळला असेल मग."

"न्हाई बाई. लई रडलं. या आजारापायी आजवर कुणी त्याला माझ्याजवळ देतच न्हवतं. मला वळखत बी न्हाई ते."

"मग वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. किती उगी केलं, पण ऐकंचना. त्याचं रडणं पार गल्लीच्या टोकापस्तोर जाऊन राहिलं होतं." सरजाबाईंनी पदर सारखा केला. "मला दारातनं दिसत होतं, सून तिथवरच पोचली होती. थबकली. तिनं ऐकलं."

"अन् परत फिरली?"

"न्हाई," सरजाबाई म्हणाल्या. "दळण घेऊनच आली."