कुणीही हललं नाही

"दहापेक्षा कमी माणसं असतील तिथला पूल कौन्सिल दुरुस्त करत नाही," कौन्सिलच्या ऑफिसातून ग्रँट फोनवर म्हणाला. "नियम आहे, मिसेस ट्रेगर. तुम्ही सरळ शहरात राहायला या."

"मला धरून आम्ही तेवीस आहोत," नोलीन म्हणाली. "आणि एकही जण इथून हलायला तयार नाही."

"मग बाकीचे कुणी फोन का उचलत नाहीत?"

"तुझ्याशी बोलायची हौस नाही कुणाला."

तिने फोन आपटला. पुरात पुलाचा खांब कलला होता. तो पडला की हॅरो क्रीकचा रस्ता संपला, आणि गावही. सत्तर वर्षं जिथे काढली ते गाव कुणा साहेबाच्या सहीने पुसलं जाणार? नोलीनचं डोकं सणकलं होतं.

गुरुवारी सकाळी पावणेदहाला जमीन हलली. धक्का किरकोळ, पण खोलवरचा. ऑकलंडपासून डनिडिनपर्यंत जाणवला. नोलीनचा चहा बशीत सांडला, एवढंच. भूकंप खात्याने नेहमीप्रमाणे लोकांकडून फॉर्म भरून मागवले: धक्का जाणवला का? तेव्हा काय करत होता?

नोलीनने बूट चढवले, वही घेतली आणि टेकडी चढली. एकेकापाशी थांबली. पर्लला पाठीचं दुखणं, तिला जास्तच जाणवला असणार. आल्फला कशाचंच कौतुक नाही, त्याच्यापुढे 'किंचित' लिहिलं. संध्याकाळपर्यंत तिने सगळ्यांचे फॉर्म भरले आणि प्रती कौन्सिललाही धाडल्या. आता म्हणा इथे माणसं नाहीत!

सोमवारी ग्रँटचा फोन आला.

"तेवीस फॉर्म मिळाले. पण सकाळी पावणेदहाला तुम्ही सोडून सगळे आडवे?"

"इथे कुणाला घाई नसते."

"धक्क्यानंतरही कुणी उठलं नाही?"

"तुमच्या ऑफिसातले टेबलाखाली घुसले असतील. आमची माणसं तसली नाहीत."

"नववा फॉर्म. डंकन मॅक्रे. हे कोण?"

"वरच्या ओळीत असतो. भला शेजारी आहे." नोलीनचा आवाज चढला. "का? त्याला मोजणार नाहीस? चाळीस वर्षं खाणीत राबलाय तो. हा पूल बांधायलाही तोच होता. मोजायचं नसेल तर तोंडावर सांग!"

पलीकडून कागदावर शिक्का आपटल्याचा आवाज आला.

"मोजलं," ग्रँट म्हणाला. "पूल होईल. नाताळात मी येतोय, मिसेस ट्रेगर. माझ्या डंकन आजोबांच्या थडग्यावरचं गवत तेवढं कापून ठेवा."