दप्तरांच्या कारखान्याचं देणं

"घर विक असं कोण म्हणतंय? नुसती जामीन म्हणून सही कर," थोरला म्हणाला.

"नाही करत," आई म्हणाली आणि चहा गाळू लागली.

दप्तरं शिवायचा कारखाना बंद होऊन तीन महिने झाले होते. भागीदार दोघेच, थोरला आणि धाकटा. म्हणून देणंही दोघांच्याच गळ्यात आलं होतं: कापडवाल्याचं, बँकेचं, कारागिरांच्या थकलेल्या मजुरीचं. यंत्रं विकून भागलं नाही, तर थोरल्याची गाडी आणि धाकट्याचा फ्लॅट जाणार होता. आईचं दोन खोल्यांचं घर मात्र तिच्या एकटीच्या नावावर होतं. इतकी वर्षं त्या घरात न फिरकलेल्या लेकांना आता त्याचा भलताच उमाळा आला होता.

"बाबांनी उभा केलेला कारखाना आहे, आई. त्यांच्या नावाला बट्टा लागेल."

"लागू दे. भागीदारीचा कागद केलात तेव्हा मी आठवले नाही. आईला व्यवहारातलं काय कळतं, म्हणालात."

"अगं, तू कारखान्यात काय कमी राबलीस का? पट्टे तूच शिवायचीस, कापड हिने बेतायचं." थोरल्याने बायकोकडे बोट केलं. "घरचाच कारखाना ना तो?"

सुनेने कप पुढे केला.

"मग तुझं म्हणणं तरी काय?" धाकट्याने वैतागून विचारलं.

"उद्या वकिलांसमोर सांगते."

दुसऱ्या दिवशी ती आली ती फाइल पोटाशी धरूनच. सून तिला जिना चढायला हात देत होती. थोरल्याने धाकट्याला कोपराने ढोसलं. घराचे कागद! त्याचा जीव भांड्यात पडला.

वकिलांच्या ऑफिसात माणसं दाटीवाटीने उभी होती.

"ज्यांचे पैसे यायचे आहेत त्यांनी खिडकीकडे बसा," वकील म्हणाले. "भागीदार, जामीनदार माझ्यासमोर."

कापडवाला, बँकेचा माणूस आणि चार कारागीर खिडकीकडे गेले. थोरल्याने आपल्या शेजारी आईला आणि बायकोला बसवलं.

"आधी कारागिरांची मजुरी फेडायची," वकिलांनी सांगितलं. "कमी पडेल ते भागीदारांच्या खिशातून. बाकीचे त्यानंतर."

"काही काळजी करू नका, साहेब," थोरला म्हणाला. "आईने कागद आणलेत."

आईने फाइल वकिलांच्या हातात दिली आणि उठून खिडकीकडे गेली. एका कारागिराने सरकून तिला जागा करून दिली.

वकिलांनी पहिलं पान वाचलं, चष्मा सारखा केला आणि पुन्हा वाचलं.

"हे घराचे कागद नाहीत. मजुरीचा दावा आहे. एकवीस वर्षांची, एकदाही न मिळालेली. साक्षीला चारही कारागीर आहेत. आणि दावा करणाऱ्या दोघी."

"दोघी?" थोरला ओरडला. "दुसरी कोण?"

तोवर त्याच्या बायकोने आपली खुर्ची उचलून सासूच्या शेजारी नेऊन ठेवली होती.