स्कूटरचा उतारा

बँकेतून रिटायर झाल्यावर मनोहररावांनी धंतोलीतल्या आपल्या व्हरांड्यात लोकांचे पैसे आणि संसार एकाच बैठकीत मार्गी लावायचा फुकट उद्योग काढला. बाहत्तर साली गिरिधर आई आणि बायको, दोघींना घेऊन आला. त्याच्या शिलकीतून बायकोला, प्रेमिलाला, वेगळं बिऱ्हाड हवं होतं आणि आईला, रुखमाबाईंना, काशीयात्रा. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्याच्यामार्फत भांडत होत्या.

"स्कूटर नोंदवून टाक गा," मनोहरराव म्हणाले. "नंबर लागाले सात-आठ वर्षं लागतीन. तोवर पैसे स्कूटरच्या नावानं पोस्टात. कोणालेच भेटणार नाही, तर भांडाल कायले?"

उपाय असा लागू पडला, की पुढे अर्धी धंतोली न भांडता स्कूटरची वाट पाहू लागली.

ऐंशी साली गिरिधरचा नंबर लागला. भर उन्हात, घामाघूम होऊन, तो कोरी करकरीत स्कूटर ढकलत मनोहररावांच्या फाटकाशी आला.

"चालवत काहून नाही आणली गा?"



"काका, पयले मागं कोण बसन, आई का बायको, हे ठरल्याबिगर दोघी मले किकच मारू देऊन नाही राहिल्या!"