गादीवाल्यांचा संघ

गल्लीतल्या मुलींच्या कुस्ती संघाला स्पर्धेला जायचं होतं, पण एकसारखे पोशाख नव्हते आणि त्याशिवाय तिथे कुणी उभं करत नव्हतं. आमचं गाद्यांचं दुकान. मी ह्यांच्या मागेच लागले, "गादीवरच्या कुस्तीला गादीवाल्याने नाही द्यायचं, तर काय सोनाराने?"

"बरं बाई, देतो," हे म्हणाले. "पण दुकानाचं नाव छातीवर छापा. पोरी उताण्या पडल्या की लोकांना नीट वाचता येईल."

संघाची कप्तान, पंक्चरवाल्याची थोरली, हसलीसुद्धा नाही. "काका, पाठीवरच छापणार. जी वर असते ना, तिची पाठ दिसते."

स्पर्धेत नेमकी तीच खाली सापडली. दुकानाचं नाव गादीला टेकायला आलं, तसा जन्मात कधी आवाज न चढवलेला माझा नवरा खुर्चीवर चढून ओरडायला लागला, "अगं उलटव तिला, उलटव! दुकान दिसत नाहीये!"

कशी कोण जाणे, पण तिने उलटवली. आणि जिंकली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पंचांनी तिचा हात वर धरलाय, ती समोर बघून हसतेय, आणि पाठीवरच्या नावाचं एक अक्षरही दिसत नाही. मी म्हटलं, "गेली तुमची जाहिरात बोंबलत!"

 

ह्यांनी तो फोटो दाराएवढा मोठा करून आणला आणि दुकानावर लावला, बरोब्बर नावाची पाटी झाकून.