अकरा सेकंदांचा हक्क

"अकरा सेकंद, मिस्टर स्कॅग्ज! पाऊण तासाच्या रिळातले फक्त अकरा सेकंद!" रोंडा टॅकेटबाई फोनवर ओरडल्याच. हा सहावा फोन होता.

"नाही म्हणजे नाही," म्हणत व्हर्लिन स्कॅग्जनं फोन आपटला.

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या एका शाळेत बाई इतिहास शिकवायच्या. त्यांच्या दहावीच्या मुलांनी सत्त्याहत्तरच्या महापुरावर माहितीपट केला होता. मुलाखती, नकाशे, मुलांनीच वाजवलेला बँजो, सगळं झकास जमलं होतं. पण प्रत्यक्ष पुराचं चित्रण गावात एकच होतं, ते स्कॅग्जचं. त्याच्या बायकोनं मरण्याआधी रीळ ग्रंथालयाला देऊन टाकलं, हक्क मात्र म्हाताऱ्याकडेच राहिले. त्यातले अकरा सेकंद मुलांनी घेतले होते. शाळेची स्वयंपाकीण ओपल मलिन्स छपरावर अडकलेली, पाय पाण्यात, दोन्ही हात वर. दुसऱ्या दिवशी तिचं प्रेतच सापडलं होतं.

स्कॅग्जनं वकिलाची नोटीस धाडली. मुख्याध्यापक कोम्ब्स गडबडले.

"रोंडाबाई, काढून टाका ना तेवढं. कशाला विकतचं दुखणं?"

"का काढू, सर? शिकवण्यासाठी, थोडकाच भाग, कुणाचा धंदा बुडत नाही. याला कायद्यात न्याय्य वापर म्हणतात. वर्षभर पोरांना हेच शिकवलं, आता मीच शेपूट घालू?"

मग खुलाशांचं दळण सुरू झालं. शिक्षण खात्याच्या वकिलानं एकच अर्ज बाईंकडून तीनदा लिहून घेतला. बाईंनी डोकं धरलं. तरी पडतं घ्यावं म्हणून त्यांनी म्हाताऱ्याला आणखी एक फोन केला.

"तुमचं नाव मोठ्या अक्षरांत देऊ, मग तर झालं?"

"नाव तर मुळीच नको!"

"काय खडूस माणूस आहे!" बाई मुलांना म्हणाल्या. "पण ज्याचं काम त्याला श्रेय द्यायचंच. नाव घाला."

अखेर खात्याची मंजुरी आली. शनिवारी दुपारी शाळेच्या व्यायामशाळेत सगळं गाव लोटलं. शेवटच्या रांगेत बाईंना स्कॅग्ज दिसला. आता हा तमाशा करणार!

त्यानं काहीच केलं नाही. ते अकरा सेकंद आले, गेले. बायकांनी डोळे पुसले. शेवटी त्याचं नाव झळकलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

जिंकलेल्या माणसाला मोठेपणा सुचतो. बाईंनी माइक उचलला. "हे चित्रण करणारे मिस्टर स्कॅग्ज इथेच बसलेत. मुलांनो, विचारा त्यांना काय विचारायचं ते!"

माहितीपटाचं संकलन करणारी विद्यार्थिनी केली रॅटलिफ उभी राहिली.

"सर, ते अकरा सेकंद मी शंभरदा पाहिले असतील. ओपलबाईंचा चेहरा किती जवळ दिसतो! आणि चहूकडे तर नुसतं पाणी. मग तुम्ही उभे कुठे होतात?"

म्हाताऱ्यानं बाईंकडे एकदा पाहिलं.

"नावेत," तो म्हणाला. "सहा माणसांची नाव होती. आत मी एकटाच."